निरोगी हॅमस्टर निवडताना प्राण्याआधी पिंजरा पाहावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी पहिल्यांदाच हॅमस्टर आणायचा आहे, त्याची हौस मुख्यतः नऊ वर्षांच्या मुलीला आहे, आणि विक्रेत्याने दाखवलेल्या पिल्लांपैकी एक हातात घेताच शांत बसून राहिले, तर बाकीची हाताला सापडेनात. हे शांत पिल्लू घ्यावे आणि त्याला सोबत म्हणून आणखी एक घ्यावे, असे विक्रेत्याने सुचवले आहे. हा सल्ला मानावा का, आणि निरोगी पिल्लू ओळखावे कसे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य म्हणून माझे उत्तर असे, की या सल्ल्याचे दोन्ही भाग मानू नयेत. जोडीविषयी पुढे लिहितो. शांत पिल्लाविषयी मात्र आधीच सांगणे भाग आहे, कारण खरेदीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येणारे आजारी हॅमस्टर पुष्कळदा असेच, ‘फार गुणी आहे, अजिबात चावत नाही’ म्हणून निवडलेले असतात.

चार-पाच आठवड्यांचे, माणसाच्या हाताची सवय नसलेले निरोगी पिल्लू अनोळखी तळहातावर स्वस्थ बसत नाही. ते हुंगते, काठाकडे धावते, बोटांच्या फटीतून निसटू पाहते आणि फारच घाबरले तर चावतेही. जे पिल्लू पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धवट मिटून बसून राहते, ते माणसाळलेले असण्यापेक्षा गळून गेलेले असण्याची शक्यता अधिक असते. हॅमस्टर हा निसर्गात इतरांचे भक्ष्य असणारा प्राणी आहे, आणि दुखणे उघड करणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे आजार बराच वाढेपर्यंत तो नेहमीसारखा वावरतो, आणि लक्षणे दिसू लागली की हाताशी फार थोडा वेळ उरतो. शरीर इतके लहान असते, की दीड-दोन दिवसांच्या जुलाबानेच त्यातले पाणी आणि क्षार जीवघेण्या पातळीपर्यंत घटतात.

याच कारणाने एका पिल्लाची पाच मिनिटांची तपासणी, ती कितीही बारकाईने केली तरी, अपुरीच राहते. त्या क्षणी जे दिसण्याजोगे आहे तेवढेच ती सांगते; पुढच्या आठवड्यात काय होणार याचा अंदाज त्या पिल्लाच्या पिंजऱ्यावरून, त्याच्या सोबत्यांवरून आणि त्याला वाढवणाऱ्या माणसाच्या उत्तरांवरून अधिक नेमका बांधता येतो. म्हणून मी प्रत्येकाला आधी पिंजरा आणि मग प्राणी पाहण्यास सांगतो. पिंजरा नापसंत झाला तर प्राणी हातात घेण्यापूर्वीच बाहेर पडावे, कारण एकदा हातात घेतल्यावर नकार देणे मोठ्यांनाही जड जाते, मग मुलांचे काय सांगावे!

पिंजऱ्यात सर्वांत आधी शेपटीखालचा ओलावा शोधावा. वेट टेल या नावाने ओळखला जाणारा आतड्यांचा आजार प्रामुख्याने सीरियन जातीच्या, साधारण तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांना होतो आणि त्यामागे बहुधा लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हा जिवाणू असतो. आईपासून तोडणे, प्रवास, गर्दी आणि अचानक बदललेले खाणे यांच्या ताणाने तो उफाळतो. म्हणजे विक्रीच्या ठिकाणी पिल्लू ज्या वयात आणि ज्या अवस्थेत असते, नेमकी तीच वेळ त्याला अनुकूल असते. पाण्यासारखे जुलाब, शेपटीभोवतीचे ओले व चिकटलेले केस, दुर्गंधी, विस्कटलेली लव आणि वाकलेली पाठ ही त्याची चिन्हे होत. उपचार न मिळाल्यास पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते आणि उपचार मिळूनही प्रत्येक पिल्लू वाचतेच असे नाही. हा आजार संसर्गजन्य असल्यामुळे पिंजऱ्यातील एका जरी पिल्लाची शेपटी ओली दिसली, तरी त्या पिंजऱ्यातले कोणतेही पिल्लू घेऊ नये, मग ते कितीही टुणटुणीत दिसो. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, आणि ते दिवस आपल्या घरी मोजले जातील.

त्याच नजरेने लेंड्याही पाहाव्यात. निरोगी हॅमस्टरच्या लेंड्या गडद रंगाच्या, कोरड्या, घट्ट आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. भुशाला चिकटलेली किंवा काचेवर ओघळलेली विष्ठा दिसली तर आणखी काही पाहण्याची गरज उरत नाही. पाण्याच्या बाटलीची नळी खरोखर पाणी देते का, हे बोट लावून पाहण्याची परवानगी मागावी. नळी तुंबलेली असूनही बाटली भरलेली दिसते, आणि मालकाचा समज होतो की पिल्लाला पाणी मिळत आहे. अमोनियाचा उग्र वास डोळ्यांना झोंबत असेल, तर त्याच हवेत जमिनीलगत चोवीस तास श्वास घेणाऱ्या पिल्लांच्या फुप्फुसांची अवस्था वेगळी सांगायला नको. आसपास घरातल्या साध्या उंदरांचा वावर, त्यांच्या लेंड्या किंवा कुरतडलेल्या पिशव्या दिसतात का, हेही पाहावे. याचे कारण पुढे माणसांच्या आरोग्याविषयी लिहिताना देतो.

पिंजऱ्यातील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नर आणि मादी वेगळे ठेवले आहेत की नाहीत. सीरियन हॅमस्टरची पिल्ले साधारण तीन ते चार आठवड्यांत आईपासून तोडली जातात आणि त्यानंतर अगदी थोड्याच दिवसांत प्रजननक्षम होतात. या जातीचा गर्भकाळ केवळ १६ दिवसांचा असतो. सहा-सात आठवड्यांच्या भावंडांना एकत्र ठेवणाऱ्या विक्रेत्याकडून मादी घेतली, तर ती गाभण असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि एवढ्या कोवळ्या वयातले पहिले वेत आईला व पिल्लांना, दोघांनाही धोक्याचे असते. आठ-दहा पिल्लांचा हा अनपेक्षित जमाखर्च कोणत्याही कुटुंबाने मागितलेला नसतो. लिंग ओळखण्याची रीत अवघड नाही: गुदद्वार आणि मूत्रद्वार यांच्यातील अंतर नरात जास्त, तर मादीत इतके कमी असते की दोन्ही जवळजवळ लागूनच दिसतात. पाच आठवड्यांपुढच्या सीरियन नराचा पार्श्वभाग वृषणांमुळे लांबट व फुगीर दिसतो आणि नवखे लोक त्याला गाठ समजून घाबरतात. विक्रेत्याला ही तपासणी करून दाखवता येत नसेल, तर त्याच्या ‘सगळ्या माद्याच आहेत’ या विधानाला अर्थ नाही.

आता जोडीविषयी. सीरियन हॅमस्टर, ज्यालाच गोल्डन हॅमस्टर म्हणतात आणि ज्याचे लांब केसांचे रूप टेडी बेअर म्हणून विकले जाते, हा पूर्णपणे एकटा राहणारा प्राणी आहे. एकाच वेताची भावंडे काही आठवडे एकत्र झोपलेली दिसतात, म्हणून त्यांना सोबत हवी असे वाटते. परंतु वयात येताच ती एकमेकांना ओरबाडू लागतात आणि मोठ्या झालेल्या दोन सीरियन हॅमस्टरांची मारामारी एकाच्या मृत्यूवर संपू शकते. जखमा बहुधा पोटाखाली आणि जननेंद्रियांजवळ असतात, त्या केसांत लपतात व त्यांत पू होतो. सोबतीअभावी सीरियन हॅमस्टर झुरत नाही. एका पिंजऱ्यात एकच, हा नियम त्याच्यासाठी दयाळूपणाचाच आहे. ठेंगण्या जातींपैकी कॅम्बेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की यांच्या एकाच लिंगाच्या भावंडांना कधी कधी एकत्र ठेवता येते, पण त्यासाठी भरपूर जागा, प्रत्येक वस्तू दोन-दोन आणि वेळ आली तर वेगळे करण्यासाठी दुसरा पिंजरा तयार असावा लागतो. पहिल्यांदाच हॅमस्टर आणणाऱ्या घराने हा प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

जातीची निवड स्वभावाशी आणि आपल्या घराशीही निगडित आहे. प्रौढ सीरियन हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅम वजनाचा, कधी त्याहून जड असतो, मादी नराहून थोडी मोठी असते, आणि आकारामुळे त्याला मुलांच्या हातात सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे जाते. रोबोरोव्स्की जेमतेम २० ते २५ ग्रॅमचा आणि विजेच्या वेगाने पळणारा असतो. तो पाहण्याचा प्राणी आहे, हाताळण्याचा नव्हे. कॅम्बेल आणि विंटर व्हाइट या दोन जाती एकमेकींसारख्या दिसतात, त्यांचा संकर होतो आणि ‘रशियन ड्वार्फ’ या सरसकट नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्राण्यांत असे संकर भरपूर असतात. कॅम्बेलमध्ये मधुमेहाकडे कल असलेली घराणी आढळतात व तो कल संकरांतही उतरतो. म्हणून ठेंगणा हॅमस्टर घेताना आईबापांची माहिती मागावी; तो इतरांहून सारखा जास्त पाणी पीत असेल आणि एक कोपरा सतत ओला करत असेल, तर त्याला घेऊ नये. पांडा, पोलर बेअर वगैरे नावे रंगांची आहेत, जातींची नव्हेत, आणि त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्यात आरोग्याच्या दृष्टीने काहीही हशील नाही.

रंगांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून ठेवतो. सीरियन हॅमस्टरमध्ये पोटाला पांढरा रंग देणारा एक जनुक असा आहे, की तो आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू पांढरे आणि डोळ्यांविना किंवा अगदी खुरटलेल्या डोळ्यांचे जन्मते. अशी पिल्ले झालेल्या वेतातील बाकीची पिल्ले घ्यायला हरकत नाही, पण असे जोड लावणारा माणूस आपण काय करतो आहोत हे जाणत नाही, एवढे त्यातून कळते. या जातीत मुळातच आनुवंशिक वैविध्य कमी आहे. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउस यांनी तिचे वर्णन केले, परंतु आज जगभर पाळले जाणारे बहुतांश सीरियन हॅमस्टर ज्या वंशातून आले, तो वंश १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका बिळातून मिळवलेल्या मादीच्या एकाच वेतातून सुरू झाला. त्यामुळे पैदास करणाऱ्याने जवळच्या नात्यातले जोड टाळणे येथे अधिकच गरजेचे ठरते.

पाहायला जाण्याची वेळ संध्याकाळची, आणि शक्यतो उशिराचीच असावी. दिवसा हॅमस्टर झोपलेला असतो. झोपेतून उठवलेला प्राणी काही मिनिटे सुस्त असतो, त्याचे कान दुमडलेले असतात आणि तो चावण्याची शक्यता वाढते. अशा अवस्थेत आजारी प्राणी झोपाळू वाटतो आणि निरोगी प्राणी आजारी. दिवसा जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर घरट्यावर हलकेच टकटक करवून पिल्लू स्वतःहून बाहेर येईपर्यंत थांबावे. बाहेर आल्यावर त्याला लगेच हात न लावता दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहावे. ते खाते का, दाणे गालांत भरते का, चारही पाय सारखे टेकते का, चाकावर चढते का? एकाच जागी गोल गोल फिरणारे, मान तिरकी धरणारे किंवा पुन्हा पुन्हा मागे कोलांटी घेणारे पिल्लू पाहायला मजेशीर वाटते, पण त्यामागे अंतर्कर्णाचा किंवा मज्जासंस्थेचा दोष असू शकतो. तेच तेच करणारा प्राणी गंमत करत नसतो.

त्यानंतर प्राणी हातात घेण्याची वेळ येते, आणि ते काम विक्रेत्याने करावे. हात वरून झडप घातल्यासारखा न येता समोरून, खालच्या बाजूने यावा. डोळे टपोरे, ओलसर चकाकीचे आणि पूर्ण उघडे असावेत. कडांना चिकटा, खपली किंवा सूज नसावी. लाल किंवा गुलाबी डोळे हा रंगाचा प्रकार आहे, आजार नव्हे. नाक कोरडे असावे. भुशाच्या धुळीने एखाददुसरी शिंक येते, पण श्वासाबरोबर होणारा टकटक किंवा घरघर असा आवाज, जो प्राणी कानाजवळ धरल्यावर ऐकू येतो, तो न्यूमोनियाचा असू शकतो. बरगड्यांच्या बाजू जोराने आतबाहेर होत असतील तर प्रश्नच मिटला. नाकाच्या वरच्या भागावर केस झिजलेला पट्टा दिसला तर बहुधा तो पिंजऱ्याचे गज चावल्याचा असतो. तो रोग नसला, तरी पिंजरा अपुरा होता हे सांगणारी ती खूण आहे.

दात पाहणे आवश्यक आहे आणि तेथेच लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. हॅमस्टरचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात, वरच्यांपेक्षा खालचे बरेच लांब असतात आणि प्रौढांत त्यांचा रंग पिवळा ते नारिंगी असतो. हे सर्व स्वाभाविक आहे. दोष असतो तो वाकड्या, तुटक्या, एकमेकांवर न बसणाऱ्या किंवा टाळूकडे वळलेल्या दातांत, कारण असे दात झिजत नाहीत व प्राणी भरल्या ताटासमोर उपाशी राहतो. हनुवटी ओली असेल, लाळ गळत असेल, किंवा पिल्लू दाणा उचलून पुन्हा टाकत असेल, तर दातांवर संशय घ्यावा. गालांतील पिशव्या खांद्यापर्यंत मागे जातात आणि भरलेल्या असताना गळ्याजवळ मोठी गाठ आल्यासारखे दिसते. थोड्या वेळाने फुगवटा रिकामा होतो का, हे पाहिले की शंका फिटते. न उतरणारा, एकाच बाजूचा फुगवटा मात्र अडकलेल्या घासाचा किंवा गळवाचा असतो.

असेच दुसरे गोंधळाचे स्थान म्हणजे कुशीवरचे डाग. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथींचे गडद, किंचित उंचवट्याचे ठिपके असतात, नरांत ते ठळक दिसतात, आणि त्यांना गोचीड, जखम किंवा कर्करोग समजून उपटण्याचा प्रयत्न करणारी माणसे मी पाहिली आहेत. ठेंगण्या जातींत हीच ग्रंथी पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीच्या जागी पिवळसर खपलीसारखी दिसते. ठिपके दोन्ही बाजूंना सारखे असतील तर चिंता नसावी. एकाच बाजूला, रक्त येणारे किंवा वाढणारे काही दिसले तर असावी. मादीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. वयात आलेल्या सीरियन मादीचे ऋतुचक्र चार दिवसांचे असते आणि त्यात एकदा घट्ट, पांढरट, तार सुटणारा व वास असलेला स्राव येतो. तो पू नव्हे. चार दिवसांतून एकदा दिसून थांबणारा स्राव नैसर्गिक असतो. रोज टिकणारा, रक्तमिश्रित किंवा पोट फुगलेल्या मादीतला स्राव गर्भाशयाच्या संसर्गाचा असू शकतो.

अंगावरची लव दाट आणि नितळ असावी. पाठीच्या मागच्या भागावर केस विरळ होऊन कोंडा पडत असेल, तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीचा विचार करावा लागतो. ती थोड्या प्रमाणात निरोगी त्वचेतही असते, पण तरुण प्राण्यात ती बळावणे म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती कोठेतरी कमी पडत असल्याची सूचना असते. कान, नाक किंवा पंजांवर गोलसर कोरडे चट्टे असतील तर बुरशीची शक्यता राहते, आणि ती माणसांना होते. लव फुलवून कृश शरीर झाकण्याची हॅमस्टरची हातोटी मोठी असल्यामुळे नजरेवर विसंबू नये. पाठीवरून बोट हलकेच फिरवावे. मणके जाणवावेत, पण टोचू नयेत. पोट मऊ असावे, नगाऱ्यासारखे ताठ नसावे. तळपायांना सूज किंवा फोड असतील, तर ते बहुधा जाळीच्या तळाचे आणि उघड्या गजांच्या चाकाचे काम असते.

एवढे सगळे पार पडल्यावर स्वभाव पाहावा. आपला हात पिंजऱ्यात सपाट ठेवून थांबावे. जे पिल्लू आधी मागे सरते आणि काही वेळाने परत येऊन बोटे हुंगते, ते मी निवडीन. पाठीवर पडून किंचाळणारे, दात दाखवणारे पिल्लूही कालांतराने निवळते, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या पहिल्या हॅमस्टरसाठी ते योग्य नाही. आणि वेतातले सर्वांत लहान, कोपऱ्यात दबलेले पिल्लू दयेपोटी घेण्याचा मोह टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. अशा पिल्लाला वाचवणे शक्य असते. मात्र ते अनुभवी माणसाचे काम आहे, आणि विकत घेतलेल्या आजारी पिल्लाची जागा त्याच पिंजऱ्यात दुसरे पिल्लू घेते.

वयाबद्दल माझे मत रूढ सल्ल्यापेक्षा थोडे निराळे आहे. पिल्लू लहानपणीच आणले की माणसाळते, म्हणून चार-पाच आठवड्यांचेच घ्यावे असे सांगितले जाते, आणि हॅमस्टरचे आयुष्य जेमतेम दोन ते तीन वर्षांचे असल्याने त्यातला एकही महिना कोणाला गमवायचा नसतो. पण हेच वय वेट टेलच्या सर्वाधिक धोक्याचे आहे. तीन-चार महिन्यांचा, आधीच्या घरी नीट सांभाळलेला, काही कारणाने नव्या घराच्या शोधात असलेला हॅमस्टर मिळत असेल, तर तो धोक्याचा काळ ओलांडून आलेला असतो, त्याचे लिंग निश्चित झालेले असते, दात आणि स्वभाव दोन्ही स्पष्ट दिसतात. मुलांच्या घरासाठी मी असा प्राणी आनंदाने सुचवतो. वय सांगणाऱ्यावर विश्वास बसत नसेल तर कान पाहावेत: लहान वयात कानांच्या आत बारीक फिकट लव असते, वय वाढते तशी ती विरळ होऊन कान उघडे व चकचकीत दिसू लागतात.

विक्रेत्याला जे विचारायचे त्यात एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: पिण्याच्या पाण्यातून काही औषध दिले जाते का? गर्दीच्या ठिकाणी जुलाब आटोक्यात ठेवण्यासाठी पाण्यात प्रतिजैविक मिसळलेले असेल, तर पिल्लू तेथे निरोगी दिसते आणि औषध बंद होताच घरी आजारी पडते. उत्तर होकारार्थी असेल तर ते पिल्लू तूर्त घेऊ नये. बाकी जन्मतारीख, रोजचा आहार आणि आईबाप पाहता येतील का, हे विचारावे. चांगला पैदासकार ही उत्तरे न विचारता देतो.

माणसांच्या आरोग्याचा मुद्दा टाळता येत नाही. लिम्फोसिटिक कोरिओमेनिंजायटिस या आजाराचा विषाणू मुळात घरातल्या साध्या उंदरांमध्ये असतो आणि त्यांच्या संपर्कातून हॅमस्टरला लागतो, म्हणून मी वर उंदरांच्या वावराचा उल्लेख केला. बाधित हॅमस्टर अनेकदा पूर्ण निरोगी दिसतो, त्यामुळे वर सांगितलेली कोणतीही तपासणी तो ओळखू शकत नाही. निरोगी माणसाला होणारा त्रास बहुधा फ्लूसारखा असतो, पण गर्भातील बाळाला गंभीर इजा होऊ शकते आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला जिवाचा धोका असतो. घरात कोणी गर्भवती असेल, किंवा अवयव प्रत्यारोपण अथवा कर्करोगाच्या उपचारांखाली असेल, तर सध्या हॅमस्टर आणू नये. इतर घरांत हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे आणि पिंजरा स्वयंपाकाच्या जागी न धुणे एवढी शिस्त मुलीला पहिल्या दिवसापासून लावावी.

हॅमस्टर येण्यापूर्वी पिंजरा मांडून तयार असावा: बिळे करता येतील इतके खोल अंथरण, लपण्याची जागा, आणि पाठ सरळ राहील इतके मोठे, सलग पृष्ठभागाचे चाक, जे सीरियनसाठी साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचे लागते. देवदार व पाइनचा सुगंधी भुसा आणि कापसासारखे तंतुमय अंथरण वापरू नये. पहिल्याच्या वासाने श्वसनाला त्रास होतो, दुसऱ्याचे धागे पायांना आवळतात आणि गिळले तर आतड्यात अडकतात. येताना जुन्या अंथरणाची मूठभर आणि जुने खाणे मागून घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये, आणि खाण्यातला बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. मुलीला हे तीन दिवस सर्वांत अवघड जातील. तिच्याकडे रोज संध्याकाळी लेंड्या पाहण्याचे आणि खाणे किती उरले ते वहीत लिहिण्याचे काम द्यावे. ते खरोखर उपयोगी काम आहे. आठवड्यातून एकदा लहान वजनकाट्यावर वजन घ्यावे, कारण वाढत्या पिल्लाचे वजन घटणे हे कोणत्याही लक्षणाआधी कळते. प्राण्याची जबाबदारी मात्र मोठ्या माणसाचीच राहील. मूल झोपायला जाते त्या वेळी हॅमस्टरचा दिवस सुरू होतो, हे त्याचे साधे कारण आहे.

शेवटी, हॅमस्टरवर उपचार करणारा पशुवैद्य खरेदीच्या आधीच शोधून ठेवावा, कारण कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर हे काम करतात असे नाही. शेपटी ओली दिसली, खाणे थांबले किंवा श्वासाचा आवाज आला, तर त्याच दिवशी जावे आणि ताजी लेंडी स्वच्छ डबीत सोबत न्यावी. घरात उरलेले कोणतेही प्रतिजैविक, माणसाचे असो वा कुत्र्याचे, स्वतःच्या मनाने देऊ नये. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम वाढतो आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावतो. उपचारासाठी नेलेल्या ठिकाणी यांपैकी एखादे औषध तोंडावाटे सुचवले गेले, तर ते हॅमस्टरसाठी सुरक्षित आहे का, हे नम्रपणे पण जरूर विचारावे.